११२ च्या कंट्रोलमध्ये: फोन उचलल्यापासून गाडी पोचेपर्यंत

महाराष्ट्रात ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर लावला की फोन नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात जातो. तिथला कॉल टेकर माहिती भरून इव्हेंट, म्हणजे त्या कॉलची नोंद, तयार करतो. तो जिल्ह्याच्या कंट्रोलमध्ये डिस्पॅचरच्या स्क्रीनवर येतो आणि डिस्पॅचर जवळची पोलिस गाडी लावतो. गाडीतल्या एमडीटीच्या (मोबाइल डेटा टर्मिनलच्या) पडद्यावर तोच इव्हेंट उमटतो. या साखळीत वेळ खातो तो पत्ता.

म्हणून पहिला प्रश्न "कुठून बोलताय?" हाच. फोन मध्येच कटला तरी ठिकाण हाती असेल तर गाडी निघते. नुसत्या गावाच्या नावावर थांबू नका. पिंपळगाव, वडगाव नावाची गावं कितीतरी आहेत. तालुका, जिल्हा विचाराच. मोबाइल टॉवरवरून आलेल्या लोकेशनवर ग्रामीण भागात फार विसंबू नका, ते काही किलोमीटर चुकू शकतं. वाटसरूला पत्ता माहीत नसतो. त्याला समोर दिसतं ते विचारा: दुकानाची पाटी, विजेच्या खांबावरचा नंबर, किलोमीटरचा दगड. एक्स्प्रेस वेवर मुंबईकडे जाताय की पुण्याकडे, हे हवंच. गाडी उलट्या बाजूला गेली तर तिला मध्येच वळता येत नाही.

मग काय झालं, अजून चालू आहे का, कुणी जखमी आहे का, कुणाच्या हातात हत्यार आहे का. हत्याराचं कळताच आधी तेवढं टाइप करा, कारण गाडीतली माणसं त्या तयारीनेच उतरतात. नाव-गाव शेवटी.

समोरून कुणी बोलत नसेल तर लगेच फोन ठेवू नका. श्वास, टीव्ही, भांडण, काय ऐकू येतं ते टिपा. "बोलता येत नसेल तर फक्त हो किंवा नाही म्हणा," असं हळू सांगा. घरातली मारहाण वाटली तर परत फोन लावण्याआधी विचार करा: वाजलेली रिंग मारणाऱ्यालाही ऐकू जाते.

वायरलेसवर बटण दाबल्यावर एक सेकंद थांबून मग बोला. नाहीतर पहिला शब्द खाल्ला जातो. "जुनी सांगवी" म्हणताना "जुनी" गेलं की पुण्यातली गाडी नव्या सांगवीत शोधत बसते. आकडे सुटे बोला. एकोणसाठ आणि एकोणसत्तर खरखरीत सारखेच ऐकू येतात. "पाच-नऊ", "सहा-नऊ" म्हटलं तर घोळ होत नाही. समोरच्याकडून निरोप परत वदवून घ्या. नुसतं "रॉजर" म्हणजे आवाज पोचला, पत्ता बरोबर पोचला असं नव्हे.

गाडीने इव्हेंट स्वीकारला पण नकाशावर जागची हलली नाही, तर वाट पाहू नका, वायरलेसवर विचारा. फाटक लागलेलं असतं, टायर बसलेला असतो किंवा गाडी आधीच्या कॉलमध्ये अडकलेली असते. अशा वेळी दुसरी गाडी लावा आणि पहिलीला तसं कळवा.

ड्युटी बदलताना उघडे इव्हेंट पुढच्याला तोंडी समजावून द्या: कोणती गाडी कुठे आहे, कुणाला परत फोन करायचा आहे. "पेंडिंग ४" एवढंच लिहून उठलात, तर त्या चारमधली वाट पाहणारी बाई कोणती, हे नव्या माणसाला कळायचं कसं?