बेकारिया ते लोंब्रोसो : गुन्हेगारीशास्त्रावर लिहिताना या चुका टाळा

मी कायद्याच्या विद्यार्थ्यांना गुन्हेगारीशास्त्र शिकवते. नावं बहुतेकांची पाठ असतात, पण कोण कशासाठी भांडला हे विचारलं की घोळ सुरू होतो.

पहिला घोळ बेकारियाचा. "तो दयाळू होता, म्हणून फाशीच्या विरोधात होता" हे वाक्य दरवर्षी वाचायला मिळतं. मिलानच्या चेझारे बेकारियाचं गुन्हे आणि शिक्षा यांवरचं छोटंसं पुस्तक १७६४ साली लिव्होर्नोत छापलं गेलं, तेही लेखकाच्या नावाशिवाय. छळ करून कबुली घेण्याला त्याने कडाडून विरोध केला. छळ सोसणारा धट्टाकट्टा गुन्हेगार सुटतो आणि अशक्त निरपराध माणूस कबुली देऊन अडकतो, हा त्याचा मुद्दा आजही पोलीस कोठडीच्या प्रत्येक चर्चेत आठवावा असा आहे. फाशीबद्दलचा त्याचा युक्तिवाद मात्र धाकाचा आहे. फाशी क्षणात संपते आणि लोक ती विसरतात. जन्मभर राबणारा कैदी डोळ्यांसमोर राहतो, म्हणून त्याची जरब टिकते. शिवाय कैदेत असूनही जो माणूस देशाच्या सुरक्षिततेला धोका ठरतो, त्याचा अपवादही त्याने मोकळा ठेवला. म्हणून उत्तरात 'दया' हा शब्द आला की थांबा आणि वाक्य पुन्हा तपासा. त्याच्या मांडणीचा गाभा असा : शिक्षा कडक असण्यापेक्षा ती नक्की होणं, लवकर होणं आणि गुन्ह्याच्या प्रमाणात असणं महत्त्वाचं. टस्कनीने १७८६ साली मृत्युदंड रद्द केला, त्यामागे याच विचारांचा प्रभाव होता.

पॅनॉप्टिकॉन या तुरुंगाच्या आराखड्याचं श्रेय फ्रेंच विचारवंत फूकोच्या नावावर टाकू नका. मधल्या मनोऱ्यातून सगळ्या कोठड्यांवर नजर ठेवणाऱ्या गोल तुरुंगाचा आराखडा इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथमने मांडला आणि १७९१ साली तो छापून आला. मूळ कल्पना त्याचा भाऊ सॅम्युअलची, रशियात कामगारांवर देखरेख ठेवण्यासाठी सुचलेली. इंग्लंडने बेंथमचा तुरुंग बांधलाच नाही, त्याला २३,००० पौंड भरपाई दिली. मिशेल फूकोने १९७५ साली या आराखड्यातून आधुनिक सत्तेचा अर्थ लावला.

जॉन हॉवर्डला नुसतं 'समाजसेवक' म्हणून सोडून देऊ नका. १७७३ साली तो इंग्लंडमधल्या बेडफर्डशर परगण्याचा शेरिफ, म्हणजे तिथल्या तुरुंगावर देखरेख असणारा अधिकारी झाला आणि निर्दोष सुटलेली माणसंही जेलरची फी भरता येत नाही म्हणून आतच अडकलेली त्याला दिसली. जेलरला पगार नव्हता, त्याचं पोट या फीवर चालायचं. हे कारण लिहिलंत तरच त्याची तुरुंगसुधारणा समजते.

सगळ्यात जास्त टोचणारी चूक लोंब्रोसोबद्दलची आहे. जन्मजात गुन्हेगार शरीराच्या ठेवणीवरून ओळखता येतो, असं हा इटालियन डॉक्टर म्हणायचा. 'लोंब्रोसोच्या सिद्धांतावरून इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला' असं सर्रास लिहिलं जातं. साल बघा. कायदा १८७१ चा आणि लोंब्रोसोचं पुस्तक १८७६ चं. आधीचा कायदा नंतरच्या पुस्तकातून कसा येईल? सुताराचा मुलगा सुतार, तसा चोरांच्या जातीत जन्मला तो चोर, असा युक्तिवाद करून हा कायदा आणला गेला. म्हणजे जातीबद्दलच्या समजुतीचाच कायदा झाला. लोंब्रोसो कवटी, जबडा, कपाळ मोजत होता, आणि १९१३ साली चार्ल्स गोरिंगने सुमारे तीन हजार इंग्रज कैद्यांची मापं घेऊन 'गुन्हेगाराची शरीरठेवण' असं काही नसतं हे दाखवलं. लोंब्रोसो खोडला म्हणजे १८७१ चा कायदाही खोडला गेला, असं मानू नका. पारध्यांची आणि इतर जमातींची हजेरी, त्यांना डांबून ठेवणाऱ्या सेटलमेंट वसाहतींची तारेची कुंपणं कवटीच्या मापांवर उभी नव्हती. म्हणूनच १९१३ नंतरही ती कितीतरी वर्षं टिकली. ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती विमुक्त झाल्या, पण राज्याराज्यांतल्या सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांखाली संशय पुन्हा त्यांच्याच पालांवर येऊन थांबला.