ग्लेझ्ड हॅम करताय? या चुका टाळा

सणाच्या जेवणाला चार-सहा माणसं येणार असतील तर हॅम, म्हणजे डुकराच्या मांडीचं खारवलेलं मांस, हा तसा सोपा बेत. तरीही तो बिघडतो, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: आपण तो कच्चं मांस समजून भाजत बसतो. पाकिटावर ‘फुली कुक्ड’ असं छापलेला हॅम आधीच खारवलेला आणि शिजवलेला असतो. त्याला फक्त नीट गरम करायचं आणि वरून ग्लेझ, म्हणजे गोडसर चकचकीत लेप, चढवायचं. पाकिटावर ‘कुक बिफोर ईटिंग’ असेल तर गोष्ट वेगळी. तो शिजवावाच लागतो. आतलं तापमान ६३ अंश सेल्सिअसला पोचलं की बाहेर काढून निदान ३ मिनिटं थांबायचं. कंपनीच्या बंद पाकिटातल्या शिजलेल्या हॅमला ६० अंश पुरतात. दुकानात मूळ पाकिटातून काढून पुन्हा पॅक केलेला असेल तर ७४ अंशांपर्यंत न्या. रंगावर मात्र अजिबात जाऊ नका. खारवताना वापरलेल्या नायट्राइटमुळे हॅम पूर्ण शिजल्यावरही गुलाबीच राहतो, आणि ‘अजून कच्चा दिसतोय’ म्हणत अर्धा तास वाढवला की त्याचा भुसा होतो.

थर्मामीटर नसेल तर आधी तो आणा, मग हॅम. सुई सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसायची. हाडाला लागली तर आकडा चुकीचा येतो.

दुसरी चूक, अर्धवट गोठलेला हॅम ओव्हनमध्ये ढकलणं. बाहेरून कडा वाळतात आणि मधे गारच. गोठवलेला असेल तर दर २ ते सव्वादोन किलोमागे फ्रिजमध्ये पूर्ण एक दिवस धरा.

ओव्हन १६० अंशांवर पुरे. घाई म्हणून २०० वर नेलात तर बाहेरचा इंचभर भाग चामड्यासारखा होतो. कापलेली बाजू खाली ठेवा, ट्रेमध्ये पेलाभर पाणी ओता आणि वरून फॉइल घट्ट बसवा. अर्धा, हाडासकटचा हॅम किलोमागे साधारण ४० ते ५० मिनिटं घेतो. आधीच चकत्या पाडलेला, म्हणजे स्पायरल कट, लवकर तापतो आणि तितकाच लवकर कोरडा पडतो. सोय आहे खरी, पण छोट्या जेवणासाठी मी अखंड तुकडाच घेईन.

आता ग्लेझ. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ब्राउन शुगर, मध, मोहरीचा सॉस आणि थोडं व्हिनेगर हे मिश्रण सुरुवातीलाच फासलं तर हॅम तापेपर्यंत साखर जळून काळी आणि कडू होते. फॉइल काढायचं ते शेवटच्या २०-३० मिनिटांत, आणि ग्लेझही तेव्हाच. एकच जाड थर देण्यापेक्षा दहा-दहा मिनिटांनी दोन-तीन पातळ हात द्या. लहान ओव्हनमध्ये वरची कॉइल हॅमच्या अगदी डोक्यावर येते, तेव्हा ट्रे खालच्या खणात ठेवा आणि शेवटची पाच मिनिटं दारापासून हलू नका. कडा काळवंडायला लागल्या तर तेवढ्याच भागावर फॉइलचा तुकडा टाका.

ग्लेझ घसरून ट्रेमध्ये साचतंय? एक तर ते पातळ आहे, नाही तर हॅमचा पृष्ठभाग ओला आहे. पातेल्यात मंद आचेवर ते आटवा. चमच्याच्या पाठीवर बोट फिरवल्यावर रेघ तशीच राहिली की झालं. हॅम कागदी रुमालाने टिपून घ्या. वर जाड कातडी असेल तर ती काढा, पण खालची चरबी पाऊण सेंटिमीटरभर ठेवा आणि तिच्यावर चौकटी पाडा. सुरी चरबीपुरतीच. मांसापर्यंत गेली तर रस निघून जातो आणि चौकटी उघड्या पडतात.

ग्लेझमध्ये मीठ घालू नका, हॅममध्ये ते भरपूर असतं. ट्रेमधल्या रसाची ग्रेव्ही करायचा मोह होतो, तेव्हा आधी थेंबभर चाखा. खारट लागला तर बिनमिठाचा स्टॉक किंवा संत्र्याचा रस घालून सौम्य करा. जळका वास असेल तर सरळ ओतून द्या, तो काही केल्या जात नाही.

बाहेर काढल्यावर १५ मिनिटं तसाच राहू द्या, मग कापा. किती आणायचा, हेही पुष्कळांचं चुकतं: हाडासकट माणशी ३०० ते ३५० ग्रॅम, बिनहाडाचा असेल तर २०० ग्रॅम.

उरलेला दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा आणि तीन-चार दिवसांत संपायला. दुसऱ्या दिवशी चकत्यांवर हिरवट-इंद्रधनुषी झाक दिसली तर घाबरू नका, कापलेल्या तंतूंवर प्रकाश पडल्याने तसं दिसतं. चकती बुळबुळीत लागली किंवा आंबूस वास आला, तर मात्र टाकून द्या.