राउटरचं बिट कसं निवडावं आणि कसं चालवावं

राउटर म्हणजे लाकडाच्या कडा आणि खाचा कापायचं हातातलं विजेचं यंत्र, आणि बिट म्हणजे त्यात बसवायचा, फिरत कापणारा तुकडा. जेवायला बसायचा सागवानी पाट हे राउटर शिकण्यासाठी मला सगळ्यात चांगलं काम वाटतं. फळी लहान असते, दोन कडा उभ्या रेषेच्या (लाकडाच्या तंतूंच्या दिशेने जाणाऱ्या) आणि दोन आडव्या रेषेच्या (तंतू कापणाऱ्या) मिळतात, आणि गोलाई कुठे बिघडली की बोटाला लगेच कळतं. म्हणून हा पाट समोर ठेवूनच सांगतो.

आधी दांडी बघा

दुकानात सगळ्यांची नजर बिटाच्या पात्याकडे जाते. तुम्ही आधी दांडी बघा. दुकानदार तिला शँक म्हणतो. ट्रिमर म्हणजे छोटा राउटर; त्याचा कोलेट, म्हणजे दांडी धरणारी पकड, ६ मिमी किंवा पाव इंची असतो. मोठ्या राउटरला ८ मिमी, १२ मिमी किंवा अर्धा इंची दांडी लागते. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. हा ०.३५ मिमीचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण ६ मिमीची दांडी पाव इंची कोलेटमध्ये कितीही आवळा, पक्की धरली जात नाही. माझ्या एका पाटावर हेच झालं. कड मारता मारता बिट हळूहळू खाली सरकत गेलं, आणि सुरुवातीला ३ मिमी असलेली पायरी दुसऱ्या टोकाला ७ मिमी खोल निघाली. फळी गेली याचं वाईट वाटलंच, पण बिट निसटून उडालं असतं तर काय, या विचाराने त्या दिवशी पुढे काम करवलं नाही. कोलेटवर कोरलेला आकडा वाचून, तो लिहून घेऊनच दुकानात जा.

मग धातू. हायस्पीड स्टीलचं बिट स्वस्त मिळतं आणि मऊ लाकडात छान कापतं. पण प्लायमधला गोंद आणि सागातली सिलिका त्याची धार लवकर खातात. साग आणि प्लाय, दोन्हीसाठी कार्बाइडची पाती डाख दिलेलं बिट घ्या. पात्याचा तुकडा जाडसर हवा आणि डाखात कुठे फट नको. उजेडात धरून बघितलं की कळतं.

सुरुवातीला चारच पुरेत

पंधरा बिटांची पेटी घेऊ नका, असं मी मनापासून सांगतो. त्याच पैशात चार चांगली येतात: ६ मिमीचं सरळ बिट, १२ मिमीचं सरळ बिट, तळाशी बेअरिंग (कडेला टेकून फिरणारं छोटं चाक) असलेलं फ्लश ट्रिम आणि कडेला गोलाई देणारं ६ मिमीचं राउंडओव्हर.

सरळ बिट खाचेसाठी. १२ मिमीच्या प्लायची फळी खाचेत बसवायची तर १२ चंच बिट लावावंसं वाटतं, पण प्लाय बऱ्याचदा आकड्यापेक्षा थोडा पातळ भरतो आणि फळी खाचेत हलते. प्लाय कॅलिपरने मोजा आणि ६ च्या बिटाने दोन फेऱ्यांत नेमकी खाच पाडा. फ्लश ट्रिम सनमायकाची जास्तीची कड सपाट करायला. राउंडओव्हरवरचा आकडा गोलाईच्या त्रिज्येचा असतो. १८ मिमी जाडीच्या पाटाला वरून-खालून ६ ची गोलाई दिली तर मधे ६ मिमीची सपाट पट्टी उरते आणि बेअरिंग तिच्यावर धावतं. १२ ची द्यायला गेलात तर दुसऱ्या बाजूला बेअरिंगला टेकायला जागाच राहत नाही.

बिट बसवणं

प्लग काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. कोलेटमधला भुसा ब्रशने झाडा. दांडी तळापर्यंत सारा, मग २-३ मिमी वर घ्या आणि पान्याने आवळा. तळाला टेकवूनच आवळलं तर नट घट्ट लागतो, पण पकड बसेलच असं नाही. जेमतेम टोकावर धरलेलं बिट तर लावूच नका. कोलेटची निदान तीन चतुर्थांश लांबी दांडीने भरलेली हवी.

वेगाचं सांगायचं तर बिट जितकं रुंद, तितका वेग कमी. २५ मिमीपर्यंत मिनिटाला २४,००० फेरे चालतात, ५० मिमीच्या आसपास १८,००० च्या खाली या. ५० मिमीचं बिट २४,००० वर फिरवलं तर त्याच्या कडेचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या वर जातो. बहुतेक छोटे ट्रिमर ३०,००० च्या आसपास फिरतात आणि अनेकांना वेग कमी करायची सोयच नसते. त्यांना मोठं बिट लावू नये.

चालवणं

पाट टेबलाला शिकंज्यांनी घट्ट बांधा. चष्मा, कानाला संरक्षण आणि मास्क लावा. सागाचा बारीक भुसा घशाला फार लागतो. हातमोजे आणि सैल बाह्या नकोत.

आता दिशा. हे एक पक्कं झालं की निम्मा धोका संपतो. हातातल्या राउटरचं बिट वरून पाहता घड्याळाच्या काट्यांसारखं फिरतं, म्हणून बाहेरच्या कडेवर राउटर काट्यांच्या उलट दिशेने न्यायचा. पाटाची कड तुमच्या बाजूला असेल तर डावीकडून उजवीकडे. आतल्या भोकाची कड असेल तर हेच उलट. योग्य दिशेने जाताना लाकूड बिटाला विरोध करतं, तो दाब हाताला जाणवतो. चुकीच्या दिशेने बिट कडेवर चाकासारखं धावू लागतं आणि राउटर हातातून ओढून नेतं. नव्या माणसाने टाकाऊ फळीवर हा विरोधाचा दाब चारदा अनुभवावा, मगच पाटाला हात लावावा.

आडव्या रेषेच्या कडा आधी मारा. त्यांच्या शेवटी कोपऱ्याची कपची उडतेच. नंतर उभ्या रेषेची कड मारताना ती बऱ्यापैकी निघून जाते. कोपरा अगदी जपायचा असेल तर शेवटाला एक टाकाऊ तुकडा चिकटून बांधा, कपची त्याची उडेल.

पूर्ण खोली एका फेरीत घेऊ नका. ६ मिमीच्या सरळ बिटाला एका वेळी ३ मिमी पुरे. गोलाईही दोन-तीन फेऱ्यांत उतरवा आणि शेवटची फेरी जेमतेम अर्ध्या मिमीची ठेवा. कोपऱ्यावर हात थबकला की सागावर काळा डाग पडतो. ती शेवटची हलकी फेरी डाग घेऊन जाते. नीट चाललं असेल तर बारीक ढलप्या पडतात आणि आवाज एकसारखा राहतो. पिठासारखा भुसा आणि जळका वास आला, तर हात फार हळू चाललाय किंवा धार गेलीय. आवाज खाली बसला तर फार घाई होतेय. फेरी संपली की बिट पूर्ण थांबेपर्यंत राउटर खाली ठेवू नका.

काम झाल्यावर

पात्यावर चिकटलेला राळ-गोंद बिट तापवतो, मग लोक धार गेली म्हणून बिट फेकतात. बेअरिंग ॲलन कीने काढून ठेवा, कारण रॉकेलमध्ये त्यातलं ग्रीस विरघळतं. पाती रॉकेलमध्ये भिजवा, जुन्या टूथब्रशने घासा, कोरडी पुसा. बेअरिंग परत बसवलं की बोटाने फिरवून बघा. सनमायका कापताना त्यात गोंद जातो आणि ते अडकतं. अडकलेलं बेअरिंग कडेवर घासत जातं आणि चरा पाडतं. अटकत असेल तर नवं घाला, ते वेगळं मिळतं.