आठवणीची कथा करायची तर एकच प्रसंग धरा

नव्या लेखकाला ‘तुमचा अनुभव लिहा’ म्हटलं की तो बालपणापासून सुरुवात करतो. त्याऐवजी त्याच्याकडे एकच प्रसंग मागा, ज्यात कुणाला काहीतरी हवं होतं आणि ते मिळणं अवघड होतं.

समजा, यवतमाळकडची, वऱ्हाडी बोलणारी एखादी ताई कापूस वेचणीबद्दल लिहितेय. ‘खूप कष्ट होते’ यावर तिला थांबू देऊ नका. वेचणीची मजुरी किलोवर असते, म्हणून विचारा: संध्याकाळी काट्यावर वजन कोण पाहत होतं? दोन किलो कमी भरले असते तर घरी काय अडलं असतं? तुम्ही बोललात की गप्प राहिलात? इथे ती अडखळते, आणि कथा बहुतेक वेळा तिथेच असते. मग पुढचं विचारा: तुम्ही गप्प राहिलात, पण कथेतली बाई बोलली तर? एवढ्या बदलानं आठवणीला कथेची वाट सापडते.

संवाद वऱ्हाडीतच राहू द्या. ‘काहून वं, आज कमी भरला?’ हे प्रमाण मराठीत नेलं की बोलणारी बाईच बदलते.

खऱ्या माणसांना जपण्यासाठी नाव-गाव बदलायला सांगा, पण विचार करून. यवतमाळचं गाव भंडाऱ्यात नेलं तर कापसाच्या जागी धान येतं, वऱ्हाडीच्या जागी झाडीबोली, कामाचे महिनेही वेगळे. त्यापेक्षा नातं बदला: सासूच्या जागी जाऊ आणा.

मसुदा मोठ्यानं वाचून घ्या. वाचता वाचता लेखक ‘म्हणजे झालं असं की’ म्हणत तोंडी सांगू लागला, तर ते शब्द लगेच कागदावर उतरवून घ्या.