कपाटातलं ऑफिस: मिस्त्रीला बोलवायच्या आधीची तयारी

आमचा डोंबिवलीत वन बीएचके, माणसं चार, आणि माझं आठवड्यातले तीन दिवस वर्क फ्रॉम होम. दीड वर्ष डायनिंग टेबलावर काढलं, म्हणजे भाजी निवडायची वेळ झाली की लॅपटॉप उचला आणि बेडवर जा, शेवटी बेडरूममधलं चार फुटी कपाट रिकामं केलं आणि त्यातच टेबल बसवून घेतलं. छान झालं, पण दोनदा करावं लागलं, कारण आधी मिस्त्रीला बोलावलं आणि मग विचार केला.

तर सगळ्यात आधी कपड्यांचं बघा. खरंच सांगते, टेप नंतर हातात घ्या. कपाटातलं सामान जाणार कुठे हे ठरत नाही तोवर पुढे जाऊच नका, नाहीतर सहा महिने बेडवर गाठोडी आणि त्याच्या शेजारी तुमचं नवं कोरं ऑफिस. आम्ही तीन ढीग केले, रोजचे, सणासुदीचे आणि "बारीक झाल्यावर घालीन" वाले. तिसऱ्या ढिगावर घरात चर्चा ठेवायचीच नाही, सरळ भांडीवालीला हाक मारायची. मला एक झाकणाचा स्टीलचा डबा मिळाला, ती अजून दोन पँटी दिल्या तर कढई देते म्हणत होती पण नवऱ्याने त्या शेवटपर्यंत सोडल्या नाहीत. चांगल्या साड्या मलमलच्या कापडात गुंडाळून बेडच्या स्टोरेजमध्ये, स्वेटर आणि जास्तीच्या चादरी माळ्यावर. कपाटात लॉकर असेल तर तो राहणार की जाणार हे घरातल्या मोठ्यांना आधीच विचारून घ्या, आणि पॉलिसी, पासबुकं, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट असले कागद एका पिशवीत घालून एकाच माणसाच्या ताब्यात द्या.

रिकामं झालं की दोन-तीन दिवस दारं सताड उघडी टाका. डांबरगोळ्यांचा वास कपड्यांना ठीक आहे हो, पण तुम्हाला त्यात तोंड घालून आठ तास बसायचंय. तेवढ्यात मागची बाजू हाताने चाचपून बघा, प्लाय फुगलंय का, पांढरी बुरशी आहे का, कोपऱ्यात मातीच्या बारीक रेघा आहेत का. रेघा म्हणजे वाळवी, मग पेस्ट कंट्रोल आधी. आणि ती भिंत बाहेरची असेल, पावसाळ्यात ओल धरत असेल, तर जून ते सप्टेंबर हे काम काढूच नका.

आता टेप. बाहेरून कपाट २४ इंच खोल दिसतं, पण दारं लावून आत मोजलं की २२ वगैरे भरतं. लॅपटॉपला तेवढं पुरतं, मोठा मॉनिटर असेल तर तो मागच्या भिंतीला ठोकून घ्या म्हणजे टेबल मोकळं राहतं. वरची फळी कुठे ठेवायची तेही आत्ताच ठरवा कारण २४ इंची मॉनिटर स्टँडसकट १६ ते २० इंच उंच जातो आणि मिस्त्री विचारत नाही, आहे त्या फळीच्या खाली टेबल लावून मोकळा होतो. मधे उभी फळी असेल तर "काढून टाका" असं पटकन म्हणू नका, वरच्या कप्प्यांचं वजन तिच्यावर असतं, आधी वर आधार मग खाली कापाकापी.

उंची. टेबल साधारण २९-३० इंचावर येतं, पण माझी उंची पाच फूट एक आणि नवऱ्याची पाच दहा, मग कुणाच्या मापाचं करायचं? यावर मला सुचलेला एकमेव हुशारीचा उपाय म्हणजे इस्त्रीचं टेबल. त्याची उंची कमी-जास्त होते, ते कपाटासमोर लावा, तुमची नेहमीची खुर्ची घ्या आणि दोन दिवस खरंच त्यावर काम करा. खांदे वर न उचलता, कोपर काटकोनात राहून टाइप करता आलं की तेवढ्या उंचीवर कपाटाच्या आत पेन्सिलने रेघ मारून टाका. आणि टेबलाखाली ड्रॉवरचा मोह नको. ३० इंचातून चार इंच ड्रॉवर आणि प्लायची जाडी गेली की मांड्या अडकतात.

आता माझी चूक ऐका, ज्याच्यामुळे दोनदा करावं लागलं. कपाटाचा तळ जमिनीवर नसतो. खाली तीन-चार इंचाची पट्टी असते आणि त्यावर तळाची फळी. खुर्ची राहते लादीवर आणि पाय जातात त्या फळीवर, म्हणजे गुडघे वर येऊन थेट टेबलाला. पहिल्या दिवशी मी पायरीवर पाय ठेवून बसल्यासारखी बसले होते, संध्याकाळपर्यंत कंबर गेली. मग परत मिस्त्री, परत चहा, परत भुसा, आणि गुडघ्यांच्या जागेपुरता तळ आणि समोरची पट्टी कापून काढली. खाली लादी आहे का ते आधी बघा, काही घरांत कपाटाखाली नुसता कोबा असतो.

दारांचं गणित वेगळं. सरकती असतील तर एका वेळी अर्धंच कपाट उघडतं, त्यामुळे एक दार काढा नाहीतर तो नाद सोडा. उघडझाप वाली असतील तर उघडल्यावर बेडला आपटतात का, आणि मधे खुर्ची मागे सरकायला निदान अडीच-तीन फूट उरतात का ते बघा. आम्ही दारं काढून पडदा लावला. आणि एक गंमत कुणी सांगत नाही, कपाटात तोंड घालून बसलात की कॅमेऱ्यात तुमच्या मागे अख्खी बेडरूम दिसते. माझ्या पहिल्याच मीटिंगला मागे दोरीवर टॉवेल आणि बेडवर सासूबाई, चष्मा लावून, माझ्याच स्क्रीनकडे बघत. त्यामुळे पाठीमागे ओढायला दुसरा पडदा किंवा घडीचं पार्टिशन हवंच, ते यादीत लिहाच.

इलेक्ट्रिशियन सुताराच्या आधी. उलटं झालं तर नव्या सनमायकावरून वायरची पट्टी जाते आणि आयुष्यभर डोळ्यात खुपते. लोड फार नसतो, लॅपटॉपचा चार्जर ६५ वॉटचा, मॉनिटर २०-३०, राउटर दहाच्या आसपास, म्हणजे साधा ६ अँपिअरचा अर्थिंग असलेला पॉइंट भरपूर झाला. पण तो हवा पक्का. एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडून, वायरचं वेटोळं करून बंद कपाटात कोंबायचं नाही, तिथे उष्णता कोंडते. त्या बोर्डाचं मेन बटण कपाटाच्या बाहेर घ्या. वायरींसाठी टेबलाला मागे दोन इंची गोल भोक आणि हवेसाठी वर थोडी फट, हे मिस्त्रीला कागदावर लिहून द्या, तोंडी सांगितलेलं त्याच्या लक्षात राहत नाही. आतमध्ये पंख्याचा वारा येत नाही, छोटा क्लिपवाला पंखा घेऊन ठेवा. वायफाय आधीच तपासा, रिकाम्या कपाटात लॅपटॉप ठेवून कुणालाही व्हिडिओ कॉल लावा. प्लायच्या कपाटात सहसा चालतं, पण लोखंडी कपाट किंवा दाराला मोठा आरसा असेल तर रेंज मार खाते.

सामान जास्त नाही. १८ एमएमचं प्लाय, पण चार फुटाला नुसतं मधे झोल पडतो म्हणून तिन्ही बाजूंनी खालून लाकडी पट्टी आणि समोरच्या कडेला जाड लिपिंग, म्हणजे कडेला लावायची लाकडी पट्टी. आठ बाय चारची अख्खी शीट घेऊ नका, लिफ्टमध्ये जात नाही आणि वॉचमन वेगळा बोलतो, दुकानात कट पीस विचारा नाहीतर मापाने कापून घ्या. कपाट पार्टिकल बोर्डचं असेल तर त्यात स्क्रू धरत नाही, बिजागरीच्या भोकातून भुसा गळतो का ते बघा, गळत असेल तर टेबलाला खाली स्वतःचे पाय द्या. सोसायटीत ड्रिलची वेळ विचारा, आमच्याकडे दुपारी दोन ते चार बंद, आणि मिस्त्री नेमका दीडला येतो.

भाड्याचं घर असेल तर मालकाला आधी फोटोसकट मेसेज करा. आणि काढलेली दारं, बिजागऱ्या, हँडल, जुने स्क्रू, "ताई हे टाकून देऊ का" असं मिस्त्री विचारेलच, टाकू नका. दारं बेडच्या मागे उभी करा, बाकीचं एका डब्यात घालून वर चिठ्ठी चिकटवा. माझं सगळं भांडीवालीच्या त्या स्टीलच्या डब्यात आहे.