हायड्रोजन विमानाचा हिशेब, पाठकोऱ्या कागदावर

दर वर्षी तिसऱ्या वर्षाची दोन-चार पोरं सेमिनारला हायड्रोजनचं विमान घेऊन येतात. पहिल्याच स्लाइडवर ठरलेलं वाक्य: किलोमागे ऊर्जा विमानाच्या इंधनाच्या जवळजवळ तिप्पट. मी म्हणतो, बसा, पाठकोरा कागद घ्या.

आधी विमान ठरवा. मी डॉर्नियर 228 देतो. कानपूरला एचएएल ते बनवते, आणि 19 जानेवारी 2023 ला झीरोएव्हिया या कंपनीने इंग्लंडात केंबलहून तेच दहा मिनिटं उडवलं. डाव्या पंखावर हायड्रोजनच्या विजेवरची मोटर, उजवीकडे नेहमीचं इंजिन.

मोटर 600 किलोवॉटची, तासभर पूर्ण जोरात धरा. वर गेल्यावर एवढा जोर लागत नाही, पण आधी सोपं गणित. फ्युएल सेल, म्हणजे हायड्रोजनपासून वीज करणारा संच, निम्म्याच ऊर्जेची वीज करतो, म्हणून 1200 युनिट हवीत. किलोभर हायड्रोजनमध्ये 33 मिळतात. आले 36 किलो. एवढ्याच कामाला नेहमीचं पंख्याचं टर्बाइन इंजिन, टर्बोप्रॉप, दोनशेक किलो इंधन पितं. इथे पोरं खूश होतात.

आता टाकी. घरचा सिलिंडर आठवा: गॅस 14.2 किलो, रिकामा सिलिंडर साधारण त्याच वजनाचा. हायड्रोजन 700 बारला, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे सातशे पट, दाबला, तर कार्बन फायबरच्या भरलेल्या टाकीतही गॅसचा वाटा जेमतेम 6 टक्के. 36 ला 0.06 ने भागा. 600 किलो! वर जागा नऊशे लिटर, म्हणजे गच्चीवरची हजाराची टाकी समजा. पंखात ती मावायची नाही. केंबलच्या चाचणीत टाक्या केबिनमध्येच होत्या. द्रवरूपात पाचशे लिटरवर भागतं, पण उणे 253 अंश सांभाळायचे. जर्मनीच्या एच-टू-फ्लाय कंपनीने 2023 च्या सप्टेंबरात स्लोव्हेनियात मारिबोरला तसं तीन तासांवर उडवून दाखवलं, छोटं विमान होतं.

मग उरलेली 600 किलोवॉट उष्णता. हे सगळेच विसरतात. टर्बाइनची उष्णता धुराड्यातून निघून जाते. फ्युएल सेल चालतो ऐंशीएक अंशांवर, म्हणून मोठा रेडिएटर लागतो आणि तो वारा अडवतो. याचा वेगळा रकाना करा.

शेवटी विचारा, हायड्रोजन आणला कुठून? पाण्यापासून केला तर किलोला पन्नासच्या वर युनिट, 36 किलोला एकोणीसशे धरा. आमच्या घरी वर्षभरात एवढी जळत नाहीत.