पोह्यातलं लोह, सांगलीची हळद आणि खात्रीचे संदर्भ: आहारशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी

१०० ग्रॅम कोरड्या पोह्यांत लोह किती, हे इंटरनेटवर शोधलं तर दोन उत्तरं मिळतात: २० मिलिग्रॅम आणि ४.४६ मिलिग्रॅम. गंमत म्हणजे दोन्ही आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे, म्हणजे एनआयएनचेच आहेत. पहिला त्यांच्या जुन्या कोष्टकातला आहे. दुसरा २०१७ च्या ‘इंडियन फूड कॉम्पोझिशन टेबल्स’मधला, त्यासाठी देशाच्या सहा विभागांतून नमुने आणून ५२८ पदार्थ नव्याने तपासले गेले. एका प्लेटला ५० ग्रॅम पोहे धरले, तर जुन्या हिशेबाने १० मिलिग्रॅम लोह होतं आणि नव्याने जेमतेम सव्वादोन. प्रोजेक्टचा निष्कर्षच उलटा होईल एवढा हा फरक आहे. म्हणून पदार्थातल्या घटकांसाठी आहाराच्या ॲपवर किंवा आरोग्यविषयक वेबसाइटवर थांबू नका. तो आकडा त्यांनी कुठून घेतला ते पाहा आणि मूळ कोष्टक उघडा.

ते उघडल्यावर दोन गोष्टी सांभाळा. २०१७ च्या कोष्टकात ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे, कॅलरीत नाही. आकड्याला ४.१८४ ने भागा: पोह्यांचे १४८० किलोज्यूल म्हणजे साधारण ३५४ किलोकॅलरी. हे विसरलं की वसतिगृहातली मुलगी दिवसाला आठ हजार कॅलरी खाते, असा तक्ता तयार होतो आणि तो व्हायवापर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसरं, आकडे १०० ग्रॅम खाण्याजोग्या भागाचे आहेत आणि बहुतेक कच्च्या पदार्थाचे. शिजलेल्या भाताचं वजन कच्च्या तांदळाच्या ओळीत घातलं की सगळंच अडीच-तीन पट फुगतं.

गरज किती, यासाठी आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि एनआयएनचा २०२० चा अहवाल वापरा. जुन्या नोट्समध्ये २०१० चे आकडे अजून फिरत असतात. प्रौढ स्त्रीसाठी लोहाची शिफारस तेव्हा २१ मिलिग्रॅम होती, २०२० मध्ये ती २९ झाली. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे: सरासरी अंदाजे गरज, १५ मिलिग्रॅम. २९ हा आकडा जवळजवळ सगळ्या निरोगी स्त्रियांची गरज भागेल असा मुद्दाम वर ठेवलेला आहे. त्यामुळे ‘५० मुलींपैकी किती जणींना लोह अपुरं मिळतं’ हे मोजताना २९ ची रेघ मारली, तर जवळपास सगळ्याच अपुऱ्या दिसतात. गटासाठी १५ ची रेघ हा सुरुवातीचा योग्य मापदंड. पाळीमुळे स्त्रियांत लोहाची गरज खूप कमी-जास्त असते, म्हणून गाईडना विचारून त्याची मर्यादाही लिहा.

जिल्ह्याचे आकडे हवे असतील तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, म्हणजे एनएफएचएस. पाचव्या फेरीच्या सातारा आणि सांगलीच्या स्वतंत्र फॅक्टशीट मोफत उतरवता येतात. ही पाहणी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेची. फॅक्टशीट वाचताना आधी तळटीप वाचा. कंसातला आकडा २५ ते ४९ नमुन्यांवर बेतलेला असतो, आणि चांदणी असेल तर नमुने २५ पेक्षाही कमी म्हणून आकडा दिलेलाच नसतो. लहान बाळांच्या वरच्या आहाराचे रकाने नेमके असे असतात. कंस काढून आकडा लिहिणं ही सर्रास होणारी चूक आहे, आणि त्यावरून दोन जिल्ह्यांची तुलना करणं त्याहून मोठी. महाराष्ट्रातलं या फेरीचं काम २०१९ मध्ये, कोरोनाच्या आधी झालं, हेही वाक्यात यायला हवं. जत किंवा माण तालुक्याचा वेगळा आकडा या पाहणीत मिळत नाही. जिल्ह्याचा आकडा तालुक्याच्या नावावर खपवू नका. पोषण ट्रॅकर या अंगणवाड्यांच्या सरकारी ॲपवरची माहिती अंगणवाडीत वजन-उंची घेतलेल्या मुलांची असते. ती नमुना पाहणी नाही, त्यामुळे दोन्ही आकडे एकाच तक्त्यात शेजारी बसत नाहीत.

आता शोधनिबंध. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि तेव्हापासून हळदीवरचे प्रोजेक्ट दरवर्षी होतात, म्हणून तेच उदाहरण घेऊ. ‘हळद मधुमेहावर गुणकारी आहे का’ हा प्रश्न शोधता येत नाही, फार पसरट आहे. तो असा बांधा: टाइप टू मधुमेह असलेल्या प्रौढांत कर्क्युमिनच्या (हळदीतल्या पिवळ्या घटकाच्या) गोळ्या, प्लासिबोच्या (औषध नसलेल्या, तशाच दिसणाऱ्या गोळीच्या) तुलनेत, तीन महिन्यांत एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी रक्तशर्करा) कमी करतात का? कुणात, काय दिलं, कशाच्या तुलनेत, काय मोजलं, हे चार तुकडे आले की शोधाचे शब्द आपोआप मिळतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं पबमेड, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांची शोधयादी, उघडा. ते मोफत आहे. टर्मरिक, कर्क्युमिन आणि कर्क्युमा लाँगा (हळदीचं शास्त्रीय नाव) हे तीन शब्द इंग्रजीत एका कंसात टाका, मध्ये ‘ऑर’. मग ‘अँड’ आणि मधुमेहाचे शब्द दुसऱ्या कंसात. ‘अँड’, ‘ऑर’ मोठ्या इंग्रजी अक्षरांतच लिहा. अवतरण चिन्हं जपून वापरा: ती घातली की पबमेड तुमच्या शब्दाचे समानार्थी विषयशब्द स्वतःहून जोडणं थांबवतं. ॲडव्हान्स्ड पानावर शोधाचा इतिहास असतो. तिथे ‘डिटेल्स’ उघडलं की पबमेडने तुमचा शोध कसा वाचला ते दिसतं. निकाल विचित्र आले तर कारण बहुतेक तिथेच सापडतं.

नंतर डावीकडच्या फिल्टरमधून आधी सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावरच्या सगळ्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा), मग रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल (सहभागींचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडून केलेली चाचणी) निवडा. ‘फ्री फुल टेक्स्ट’ला मात्र सुरुवातीला हात लावू नका. त्याने चांगले पण पैसे मागणारे निबंध यादीतूनच गायब होतात आणि ते अस्तित्वात आहेत हेही तुम्हाला कळत नाही.

निबंध हातात आला की पहिल्यांदा मात्रा बघा. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण ३ टक्क्यांच्या आसपास असतं, जातीनुसार कमी-जास्त. ३ ग्रॅमचा चमचा धरला तर सुमारे ९० मिलिग्रॅम. चाचण्यांत पुष्कळदा ५०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त अर्क दिलेला असतो, आणि शोषण वाढावं म्हणून कधी मिऱ्यातलं पायपरिनही. असा निष्कर्ष हळद-दुधाला लावता येत नाही. हा एकच मुद्दा नीट लिहिला तरी प्रोजेक्टची पातळी बदलते. मग नमुना किती जणांचा, किती आठवडे, किती जण मध्येच गळाले आणि पैसे कुणी दिले हे पाहा. गोळ्या बनवणाऱ्या कंपनीचेच पैसे असतील तर तसं नोंदवा.

निबंध मागे घेतलेला नाही ना, हेही तपासा. मागे घेतला असेल तर पबमेडवर शीर्षकाजवळ ठळक सूचना असते. कर्क्युमिनवरचे बरेच निबंध असे मागे घेतले गेले आहेत. मोठ्या अभ्यासांनाही हे चुकलेलं नाही. स्पेनमधल्या भूमध्य आहाराच्या चाचणीचा २०१३ चा गाजलेला निबंध २०१८ मध्ये मागे घेऊन दुरुस्त रूपात पुन्हा छापला गेला, कारण काही सहभागींची विभागणी यादृच्छिक (रँडम) झालेलीच नव्हती. २०१३ चाच संदर्भ देणारे प्रोजेक्ट अजून दिसतात.

पूर्ण मजकूर बंद असेल तर पबमेड सेंट्रल, म्हणजे त्याच ग्रंथालयाचा मोफत पूर्ण निबंधांचा संग्रह, पाहा, मग गुगल स्कॉलरवर ‘ऑल व्हर्जन्स’. अनपेवॉल हे ब्राउझरचं मोफत एक्स्टेन्शन कायदेशीर मोफत प्रत असेल तर दाखवतं. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत केंद्र आणि राज्य सरकारी उच्च शिक्षण संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं खुली झाली. तुमचं कॉलेज सरकारी असेल तर ग्रंथपालांना लॉगिन मागा. मिरज, कराड, साताऱ्याच्या खासगी कॉलेजांत शिकणाऱ्यांनी ही सोय आपल्यालाही आहे असं गृहीत धरू नये. तिथे लेखकाला थेट ईमेल करणं कामी येतं. दोन ओळी सभ्यपणे लिहिल्या तर बरेच लेखक पीडीएफ पाठवतात.

निबंध पबमेडवर दिसला म्हणजे नियतकालिक चांगलं, असं नाही. पबमेड सेंट्रलमार्गे बरंच काही आत येतं. त्याच ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये नियतकालिकाचं नाव टाकून ते मेडलाइनमध्ये, म्हणजे ग्रंथालयाने निवडलेल्या नियतकालिकांच्या यादीत, सध्या आहे का ते पाहा. ‘यूजीसी केअर यादीत (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य नियतकालिकांच्या यादीत) आहे’ हा दाखला आता पुरत नाही. ती यादी यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. चार दिवसांत निबंध छापून देतो म्हणणाऱ्या आणि मानधन नव्हे, उलट शुल्क मागणाऱ्या ईमेलपासून लांब राहा.

चॅटबॉटने दिलेला प्रत्येक संदर्भ उघडून पाहिल्याशिवाय यादीत घालू नका. लेखक खरे, नियतकालिक खरं, आणि निबंध मात्र कधी लिहिलाच गेलेला नाही, असं हमखास घडतं. डीओआय (प्रत्येक निबंधाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकल्यावर तोच निबंध उघडला पाहिजे, दुसरा नव्हे. उघडलेला निबंध लगेच झोटेरो या संदर्भ साठवण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये साठवा, आणि वहीत तारीख, शोधलेले शब्द जसेच्या तसे, लावलेले फिल्टर आणि मिळालेल्या निकालांची संख्या लिहा. परीक्षकांनी ‘हेच निबंध का निवडले’ विचारलं की ते पान पुढे करता येतं.